पंचेचाळीस नंबरची ओळ

खाणीचं नाव मी सांगणार नाही. ती चिखल्याची नव्हे आणि तिथून फार लांबही नव्हे, एवढं पुरे. त्या वस्तीत आमची माणसं अजून राहतात आणि या हकिकतीतली काही हयात आहेत. सून म्हणते, आई, इतकी वर्षं झाली, आता कोण विचारणार आहे. तिला आमची वस्ती माहीत नाही. तिथं माणूस मरून जायचा, पण त्याच्यावरचा शक मागं राहायचा. दूधवाल्याच्या कॅनवर शक, रेशनच्या तराजूवर शक, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आमच्या थांब्यावर मुद्दाम गाडी पुढं नेऊन उभी करतो असा शक. खाणीचा भोंगा सकाळी वेळेवर वाजतो आणि सुटायच्या वेळी पाच मिनिटं उशिरा वाजतो, असं माझे बाबा रिटायर होईपर्यंत म्हणत होते, आणि ते पडताळून पाहायला घरात घड्याळ नव्हतं. मीही त्याच मातीची. आजही औषधाच्या दुकानातून आले की गोळ्या मोजून बघते.

आमचं घर म्हणजे वस्तीच्या टोकाला भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. मातीच्या भिंती, वर कवेलू. दुपारी अंडरग्राउंडला सुरुंग उडायचे. पायाखालून धक्का यायचा, आधी फळीवरची भांडी किणकिणायची आणि मग कवेलूंच्या फटीतून काळी भुकटी खाली उतरायची. आईला ती वेळ बरोबर कळायची. जरा आधीच ती लाखोरीच्या डाळीवर झाकण ठेवायची, भाताच्या गंजावर परात उपडी घालायची आणि धक्का होऊन गेला की पुन्हा चुलीपुढं बसायची. तांदूळ तिच्या माहेरचा, सिहोऱ्याचा. मामा दरवर्षी धान निघालं की दोन पोती लुचई पाठवायचा. त्या भाताचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि शेजारीण त्यावरूनही विचारायची की आज काय विशेष, कोण येऊन राहिलं. सोबत झिंग्यांची चटणी, नाहीतर अंबाडीची भाजी. बाबा पाळीवरून आले की अंगणात बसून बराच वेळ खोकायचे, मग आंघोळ, मग जेवण. झोपेत त्यांची छाती वाजायची. आई म्हणायची, हे वरून गळणारं काळं छातीत जाऊन बसलं आहे. कंपनीचा क्वार्टर मिळाला, डोक्यावर स्लॅब आली, की थांबेल. ज्या माणसाचा सगळा दिवस खाणीत जातो त्याच्या छातीत घरातलं काळं कितीसं जाणार, हे तिला कुणी विचारलं नाही. तिला क्वार्टर हवा होता. बाबांनी अर्ज केला त्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही, पण अर्ज केला तेव्हा मी फ्रॉक घालत होते.

कॉलेज संपल्यावर मला कारध्याला आत्याकडं पाठवलं. रोज वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं. क्लास म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली, दोन यंत्रं आणि आम्ही अकरा जण. चपला जिन्यात काढायच्या. सर नागपूरचे, हडकुळे, बोलताना खडूची भुकटी पँटला पुसणारे. त्यांनी बेसिक नावाची यंत्राची भाषा शिकवली. म्हणायचे, या यंत्राला दोन प्रकारे सांगता येतं. ओळीच्या आधी नंबर टाकलात, तर ते ऐकून मनात ठेवतं आणि रन म्हणेपर्यंत काही करत नाही. बिननंबरी सांगितलंत, तर त्याच क्षणी करतं आणि केल्याची कुठं खूण ठेवत नाही. लिस्ट म्हणा, मनातलं सगळं ओळीनं दाखवतं. न्यू म्हणा, सगळं विसरतं; नक्की का, असंही विचारत नाही. नुसता नंबर लिहून एंटर दाबा, त्या नंबरची ओळ मेली. आणि प्रत्येक हुकमानंतर त्याचं उत्तर एकच, ओके. मला ते ओके पहिल्या दिवसापासून खटकलं. चांगल्याला आणि वाइटाला एकाच तोंडानं हो म्हणणाऱ्यावर आमच्या वस्तीत कुणी भरवसा ठेवला नसता.

ओळींना नंबर द्यायचे ते दहा, वीस, तीस असे. का, तर मागाहून मधे काही घालायचं राहिलं तर जागा असावी. असं घालून घालून नंबर वेडेवाकडे झाले की रिनम म्हणायचं. यंत्र सगळ्या ओळींना पुन्हा दहा-वीस-तीस असे नवे नंबर देतं, आणि कुठली ओळ मागून घुसली होती हे मग देवालाही सांगता येत नाही. सरांनी ते सोय म्हणून शिकवलं आणि मी सोय म्हणूनच वहीत उतरवून घेतलं.

त्याच वर्षी खाणीच्या टाइम ऑफिसात कॉम्प्युटर आला. तो चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून मला हंगामी ठेवलं. ऑफिसात बडे बाबूंचा कारभार. वय पन्नाशीचं, सदा हिंदीत बोलणार, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि कपाटाची किल्ली जानव्याला. क्वार्टरची यादी आजवर त्यांच्या एका जाड रजिस्टरात असायची आणि ते रजिस्टर त्यांच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. त्या रजिस्टरावरून वस्तीत इतकी वर्षं कुजबुज होती, की नव्या मॅनेजर साहेबांनी येताच हुकूम काढला: यादी कॉम्प्युटरवर चढवा, दारावर लावा, मशीन खोटं बोलत नाही. नावं बडे बाबूंनी वाचून दाखवली आणि मी टाइप केली. अठरा नावं, दहा ते एकशे ऐंशी, आणि खाली छापण्याच्या चार ओळी. बाबांचं नाव नववं, म्हणजे नव्वदवर. रिकामे क्वार्टर पाच होते. काम झाल्यावर थोड्याच दिवसांनी कळलं की रजिस्टराला वाळवी लागली म्हणून ते जाळून टाकलं. मला तेव्हाच शंका आली होती, कारण त्याच कपाटातल्या बाकीच्या कागदांना वाळवीनं तोंडही लावलं नव्हतं.

बडे बाबू माझ्या मागं खुर्ची ओढून बसत आणि क्या कर रही हो, क्या कर रही हो, असं विचारत. मला कुणी काही विचारतं याचंच अप्रूप. सोळा-सतरा बायका त्या ऑफिसाच्या खिडकीतून डोकावून जायच्या, पण आत पंख्याखाली बसणारी मी एकटीच. मी सगळं सांगितलं. लिस्ट सांगितलं, कागदावर काढायला दोन एल लावून एल-लिस्ट म्हणतात ते सांगितलं, ओळीचा नंबर बदलून एंटर दाबलं तर तीच ओळ नव्या जागी जाते आणि मग जुना नंबर नुसता लिहून मारायचा, हेही सांगितलं. दहा-दहाचं अंतर कशासाठी ते तर मी फार ऐटीत सांगितलं. म्हणाले, वा बेटा, बड़ी समझदार मशीन है. शिकवता शिकवता आपण काय कुणाच्या हातात देतो आहोत, हे माणसाला त्या वयात कळत नाही. मला तर संशयी म्हणून घरात नावं ठेवायचे, आणि जिथं संशय घ्यायचा तिथं मी शाबासकीवर खूश होते.

एका सोमवारी आत्याला बरं नाही म्हणून मी कारध्याला गेले आणि बुधवारी सकाळी परत आले. ऑफिसाच्या दारापुढं ही गर्दी. दारावर यादी लागली होती. मी असते तर रन म्हटलं असतं आणि एक ते अठरा अशी सुबक यादी छापून आली असती. बडे बाबूंना मी येईपर्यंत दम निघाला नव्हता. त्यांनी एल-लिस्ट मारून यंत्राच्या पोटातलं जसंच्या तसं कागदावर काढलं होतं. दहा, मग इंग्रजीत डाटा, मग नाव. वीस, डाटा, नाव. जगन मेट, म्हणजे बाबांच्या पाळीचा मुकादम, त्या कागदावर बोट ठेवून लोकांना समजावत होता.

"पह्यला नंबर दहा. मंग एकदम वीस," तो म्हणाला. "मधातले नऊ माणसं कुठं गेले? हे दबवून ठेवले आहेत. उद्या साहेबाचे साले-मेव्हणे येतीन अन् तठी बसतीन."

गर्दीनं माना हलवल्या. जगन मेटला इंग्रजी अक्षरं लागत होती, त्यामुळं तो तिथंच थांबला नाही. डाटा हा शब्द त्यानं एकेक अक्षर लावत वाचला तो दाता. दाता म्हणजे देणारा. ज्यानं बडे बाबूला काही दिलं त्याच्या नावापुढं दाता लिहिलं आहे, असा त्यानं निवाडा केला. कुणीतरी म्हणालं, अरे, ते त सगळ्याच नावांपुढं आहे. जगन मेटनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मंग सगळ्यायनंच देलं असन. झालं. इतका वेळ ऑफिसावर चिडलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दोघं तर भांडायलाच उठले, तू काय देलं ते सांग, नाही तूच सांग. मला हसू आवरेना. मी पायरीवर उभी राहून सगळ्यांना शिकलेल्या माणसाच्या सुरात सांगितलं की हे ओळींचे नंबर आहेत, माणसांचे नाहीत, मधे कुणी नाही, आणि डाटा हा यंत्राचा शब्द आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही. इतक्यात भोंगा झाला आणि गर्दी कुरकुरत पाळीवर गेली.

एकटी कौशल्याकाकी मागं राहिली. काकी आमच्या नात्यातली नव्हती. वस्तीच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी झोपडीत राहायची. नवरा बहिणीच्या शेतावर राहायचा, म्हणजे असून नसल्यासारखा. ती खाणीवर मँगनीजचे गोटे फोडून निवडायच्या कामावर होती. अक्षर तिला येत नव्हतं, पण मुकादम तिच्या टोपल्या कमी धरतो असा तिला शक आल्यापासून तिनं पोरीकडून शंभरपर्यंतचे आकडे शिकून घेतले होते. पावसाळ्यात नाल्याचं पाणी तिच्या चुलीपर्यंत यायचं. यादीत तिचा पाचवा नंबर होता. ती कागदाजवळ गेली आणि वरून खाली एकेका आकड्यावर बोट फिरवत आली.

"शालू, सगळे दहा-दहानं चालले," ती म्हणाली. "हा पंचेचाळीस काहून आला मधात?"

मी जवळ जाऊन पाहिलं. तोवर मी गर्दीला हसत होते, कागद नीट पाहिलाच नव्हता. चाळीसच्या खाली पंचेचाळीस होता आणि त्यापुढं माझ्या बाबांचं नाव. काकीचं बोट खाली सरकलं होतं.

"अन् ऐंशीच्या खाली सरळ शंभर. नव्वद कुठं गेलं? नव्वद उठून इथं येऊन बसलं काय?"

नऊ माणसं गायब म्हणणारे सगळे चुकीचे होते. ही बाई एका अक्षराची ओळख नसताना बरोबर होती. मी म्हणाले, काकी, ते मशीनचं असते, कधी कधी आकडा सरकते. एवढं बोलले आणि तिच्या तोंडाकडं न बघता आत गेले. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण ते वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं.

आत यंत्र सुरू करून लिस्ट म्हटलं. तेच होतं. पंचेचाळीसवर बाबा, त्याखाली पन्नासवर काकी. पाच क्वार्टर, पाचवे बाबा, सहावी काकी. हे कुणी केलं याबद्दल मला शंका नव्हती, कारण ही विद्या त्या खाणीत दोघांनाच येत होती. शंका होती ती का केलं याची. बडे बाबू काही फुकट करणारे नव्हेत. ते तासाभरानं साहेबांकडून आले आणि चहा घेत बसले. मी विचारलं तर म्हणाले, तुम्हारे घर का काम हुआ है बेटा, और तुम ही पूछती हो? मग पेन खिशाला लावत सांगितलं की मघाशी कौशल्याबाई आणि जगन मेट साहेबांना गाठायला गेले होते, गुरुवारी साहेब स्वतः यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहायला येणार आहेत. तुम देख लेना, असं म्हणून ते निघून गेले. काय देख लेना, ते म्हणाले नाहीत. त्यांचा तो हुकूमही बिननंबरीच होता.

दुपारी जेवायला घरी गेले. वाटेत मी बाबांचा संशय घेत गेले, ही कबुली द्यायला हवी. रोज मान खाली घालून पाळीवर जाणारा माझा बाप बडे बाबूपुढं कसा उभा राहिला असेल, हे मी मनात रंगवून रंगवून पाहिलं आणि मला त्याची चीड आली. घरी आले तर कोपऱ्यात एकच पोतं. मी कारध्याला गेले तेव्हा दोन होती. आईला विचारलं, दुसरं पोतं कुठं आहे? तिनं डाळीवर झाकण ठेवलं, परात उपडी घातली. सुरुंगाचा धक्का झाला, भांडी वाजली, आणि मग ती म्हणाली, "मीच घेऊन गेली होती. बडे बाबूच्या घरी. तुह्या बापाले माहीत नाही."

मी म्हटलं, आई, कौशल्याकाकीचा नंबर गेला. तिनं मान वर केली नाही. "मले माहीत आहे कोणाचा गेला ते," ती म्हणाली. "कौशल्या धडधाकट आहे. ते आणखी दोन पावसाळे काढून घेईन. तुह्या बापाची छाती तू आयकली नाही काय? मले रात्रभर वाटते, आता थांबली का, आता थांबली का." मग तिनं मला वाढलं. मी जेवले. तो भात मला गोड लागला, हेही लिहून ठेवते, कारण पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी घास उतरला नाही.

संध्याकाळी बाबा आले. वस्तीतलं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच होतं. खोकून झाल्यावर त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि विचारलं, मशीननं केलं का तू केलं? मी म्हणाले, मी नाही केलं. ते कोपऱ्यातल्या एकट्या पोत्याकडं बघत होते. दुसरं पोतं नाही हे त्यांना दिसत होतं, मला खात्री आहे. मंग झालं, एवढंच म्हणाले आणि आंघोळीला उठले. त्यांनी अजून एक प्रश्न विचारला असता तर मी सगळं सांगितलं असतं. त्यांनाही ते ठाऊक असावं, म्हणून त्यांनी तो विचारला नाही. आज वाटतं, आमच्या घरात संशयाला एवढं मोठं स्थान होतं, पण नेमका जिथं तो उपयोगाचा होता तिथं आम्ही सगळे भोळे झालो.

गुरुवारी सकाळी मी लवकर ऑफिसात गेले. यंत्राजवळ कुणी नव्हतं. मी लिस्ट म्हणून पंचेचाळीस नंबरची ओळ पुन्हा पाहिली. दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. त्या ओळीचा नंबर बदलून नव्वद करायचा, बाबांना त्यांच्या जागी परत पाठवायचं. याला एक मिनिट लागलं असतं. मी बोट नऊवर ठेवलंसुद्धा. मग आईचं ते आता थांबली का, आता थांबली का, कानात आलं, आणि मी रिनम अशी इंग्रजी पाच अक्षरं मारली. यंत्र म्हणालं, ओके. पुन्हा लिस्ट म्हटलं. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. पन्नासवर बाबा, साठवर काकी, खालीही कुठं खड्डा नाही, जणू आमचं नाव जन्मापासून तिथंच होतं. मी सेव्ह केलं. बडे बाबूंना रिनम येत नव्हतं. ते मी त्यांना शिकवलंच नव्हतं. त्या दिवशी जे झालं ते माझ्या एकटीच्या हातून झालं.

साहेब अकराला आले. जगन मेट आणि कौशल्याकाकी दाराशी चपला काढून आत उभे राहिले. काकीच्या हातांना गोट्यांचा काळा रंग होता आणि ती ते पदरात लपवत होती. साहेबांनी विचारलं, दारावरचा कागद कुठं आहे? बडे बाबू म्हणाले, प्रिंट खराब आली होती, फाडून टाकली. उंदराला मांजर साक्ष. साहेबांनी मला सांगितलं, दाखवा. मी लिस्ट म्हटलं. जगन मेट अजूनही मधल्या नऊ माणसांचंच विचारत होता. साहेब हसले आणि ओळींच्या नंबरांविषयी मी पायरीवरून सांगितलं होतं तेच त्यांनी त्याला समजावलं. मग ते काकीकडं वळून म्हणाले, कहाँ है आपका पैंतालीस? काकी पुढं आली. तिनं पडद्यावर बोट न टेकवता वरून खाली आकडे पाहिले, दोनदा पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. मी कीबोर्डकडं बघत होते.

"नाही दिसत," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, आणि निघून गेले. मला त्या क्षणी लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतं याची पुन्हा लाज वाटली. पंधरा दिवसांत आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो. स्लॅब होती, नळ होता, सुरुंग उडाला तरी डाळीवर काही पडत नव्हतं. आईनं तरी झाकण ठेवायची सवय सोडली नाही. बाबांची छाती तशीच वाजत राहिली. त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी काकीच्या झोपडीत शिरलं आणि तिची मागची भिंत बसली. ती आणि तिची पोरगी रेखा महिनाभर शाळेच्या वऱ्हांड्यात राहिल्या. आई त्यांना भाताचं गंज पाठवायची. नेऊन द्यायला मी कधी गेले नाही, धाकट्या भावाला पाठवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात काकी माझ्याकडं आली. घरी नाही, ऑफिसाच्या खिडकीशी. सोबत रेखा, दहावीची परीक्षा दिलेली, तेल लावून दोन वेण्या. मला वाटलं, आता ही विचारणार, आणि मी उत्तरं जुळवायला लागले. चोराच्या मनात चांदणं. काकीनं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "इले हे मशीन शिकव. मी तुले काही बोलत नाही. पण पुढच्या बारी आकडा सरकला त आमच्या घरचं एक माणूस पाहणारं पायजे."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. साहेबांची परवानगी काढली, कारण मला तुमसरला बँकेत नोकरी लागत होती आणि ऑफिसाला माणूस हवंच होतं. रेखा रोज दुपारी यायची. पोरगी हुशार, आणि माझ्यासारखी शाबासकीवर भुलणारी नव्हे. मी तिला सगळं शिकवलं. लिस्ट, रन, लोड, सेव्ह, न्यू म्हणण्याआधी तीनदा विचार कर, नुसत्या नंबरानं ओळ कशी मरते, आणि ऑटो म्हटलं की यंत्र आपणहून एकापुढं एक नंबर कसे देत जातं. ऑटोपुढं काही न लिहिता सोडलं तर दहा-दहा, पाहिजे तसे हवे असतील तर पुढं आकडे लिहायचे. एक हुकूम तेवढा मी शिकवला नाही. वहीतलं ते पान मी दोन बोटांत धरून पुढं उलटायचे. यंत्राबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक टेबलावर पडून असायचं. ते ती पोर वाचत बसते हे मला दिसत होतं, पण त्याला मी महत्त्व दिलं नाही.

माझ्या शेवटच्या आठवड्यात नवी यादी करायची होती. चार क्वार्टर रिकामे झाले होते. जुन्या यादीतून पाच नावं गेली होती, उरलेली तेरा आणि नवे अर्ज. मी म्हटलं, रेखा, तू बस, मी नावं वाचते. ती खुर्चीवर बसली, तिनं न्यू म्हटलं, मग ऑटो लिहून त्यापुढं एक, स्वल्पविराम, एक असं मारलं. पडद्यावर एकचा आकडा आला. मी पहिलं नाव वाचलं, कौशल्या. तिनं आईचं नाव सावकाश टाइप केलं आणि एंटर दाबलं. खाली आपोआप दोनचा आकडा आला. मी म्हणाले, अगं, दहा-दहानं दे, मधे जागा असली तर बरं पडते, मागून काही घालायचं झालं तर.

"माहीत आहे मले," रेखा म्हणाली. पडद्यावरून नजर न काढता. "रिनमही माहीत आहे. पुस्तकात वाचलं."

माझ्या हातातल्या कागदावर पुढचं नाव होतं आणि ते वाचता येत नव्हतं. मग मी म्हणाले, "आमच्या बाबाचं नाव नव्वदवर होतं, रेखा." ज्या माणसांना ते सांगायला हवं होतं त्यांच्यापैकी कुणालाही मी ते त्याआधी सांगितलं नव्हतं.

तिचे हात कीबोर्डवर तसेच होते.

"आईले त कागद पाहिला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "ते फक्त पाहून राहिली होती, तू काय सांगतं ते. पुढचं नाव वाच, ताई."